आईच्या पायांतल्या मुंग्या साखरेच्या की बी-१२च्या?

प्रश्न: आई ६१ वर्षांची आहे, ३० वर्षांपासून माळकरी. ११ वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू आहे. पित्तासाठी चार-पाच वर्षं रोज पँटोप्राझोल घेते. आठ महिने हातापायांना मुंग्या येतात, हल्ली अंधारात तोल जातो, विसरायलाही लागलीय. साखरेमुळे होतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. हिमोग्लोबिन ११.२ आहे. बी-१२ तपासलं तर १६८ आलं. चार इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं म्हणून थांबवली. आता पुढची नको म्हणते, कारण ती कलेजीपासून करतात असं तिला कुणीतरी सांगितलंय. मेडिकलमधून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी मी रोज देते. ती पुरेल का? स्मरणशक्तीला तिचा उपयोग होईल का? वहिनी चार महिन्यांची गरोदर आहे, तीही शाकाहारी आहे. तिला काही द्यावं का?

उत्तर:

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. बी-कॉम्प्लेक्सची गोळी पुरणार नाही. इंजेक्शनं थांबवायला नको होती. ती याच आठवड्यात, तुमच्या डॉक्टरांशी बोलून, पुन्हा सुरू करा. आणि आईंना सांगा की त्यात कलेजी नसते, माळेला धक्का लागत नाही.

घाई करा असं म्हणतोय, कारण रक्तातली कमतरता सहा महिन्यांनी भरली तरी रक्त पूर्ववत होतं. नसांचं तसं नाही. मी २६ वर्षं मज्जाविकारांचे, म्हणजे मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे, रुग्ण पाहतोय. बी-१२च्या रुग्णांपैकी कोण पूर्ण बरा होईल याचा अंदाज मला रिपोर्टमधल्या आकड्यावरून कधीच आला नाही. तो आला एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून: त्रास सुरू होऊन किती महिने झाले? तीन महिन्यांत आलेला माणूस बहुतेक वेळा जसा होता तसा परत जातो. दोन वर्षांनी आलेला काठी घेऊन आला असेल, तर पुष्कळदा काठी घेऊनच जातो. तुमच्या आईंचे आठ महिने झालेत. अजून वेळ गेलेली नाही, पण फार हातातही नाही.

आता साखरेचं. मधुमेहाने नसा बिघडतात हे खरं आहे, आणि ११ वर्षांच्या मधुमेहात ती शक्यता असतेच. अडचण अशी की मधुमेह आहे म्हटल्यावर मुंग्यांचं कारण सापडलं असं सगळ्यांना वाटतं आणि पुढचा शोध तिथेच थांबतो. दोन्हींच्या चालीत फरक असतो. साखरेच्या मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, वर्षानुवर्षं हळूहळू वर चढतात, आणि हातांपर्यंत यायला त्यांना साधारण गुडघा गाठावा लागतो. रात्री पाय जळजळतात, पांघरूण सहन होत नाही. बी-१२ कमी पडलं की हात आणि पाय बरेचदा जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात, काही महिन्यांत वाढतात, आणि जळजळीपेक्षा तक्रार वेगळीच असते: जमीन पायाला कळत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल पायातून निसटून मागे राहते, माणूस चार पावलं पुढे जातो तरी त्याला पत्ता नसतो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. त्यांनी आजाराचं वर्णन एका वाक्यात केलं, "डॉक्टर, देवळातून बाहेर आलो आणि एकच चप्पल घालून घरी पोचलो." त्यांचं निदान त्या वाक्यातच झालं होतं. बाकीच्या तपासण्या मी खात्रीसाठी केल्या.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे आईंनाही समजावता येईल. आपल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून काही लांब तंतू वर मेंदूकडे जातात. पाय कुठे आहे, अंगठा वर आहे की खाली, जमीन हलतेय की स्थिर आहे, ही बातमी ते नेतात. प्रत्येक तंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. हे वेष्टण सांभाळायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की वेष्टण आधी सुजतं, मग सुटतं, आणि तरीही लक्ष दिलं नाही तर आतला तंतूच मरतो. वेष्टण पुन्हा चढू शकतं. मज्जारज्जूतला मेलेला तंतू मात्र पुन्हा वाढत नाही. मघाशी महिन्यांचा हिशेब मांडला तो यामुळेच. लंडनमधल्या रसेल, बॅटन आणि कॉलियर या तीन डॉक्टरांनी १९०० साली या आजाराचं चित्र नीट रेखाटलं. तेव्हा बी-१२ हा शब्दही नव्हता, आणि त्यांच्या हातात उपायही नव्हता. आपल्या हातात आहे.

पायाची बातमी पोचत नाही तेव्हा माणूस डोळ्यांवर चालतो. दिवसा निभावतं. दिवे गेले, किंवा तोंड धुताना साबण लावून डोळे मिटले, की झोक जातो. तुम्ही लिहिलंत "हल्ली अंधारात तोल जातो". तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या ओळीची. मुंग्या नुसत्या पायाच्या नसेतूनही येऊ शकतात. अंधारातला झोक सांगतो की मामला मज्जारज्जूपर्यंत गेला असावा.

घरी दोन गोष्टी पाहता येतील. आईंना दोन्ही पावलं जुळवून उभं करा, हात बाजूला, आणि डोळे मिटायला सांगा. तुम्ही अगदी जवळ, दोन्ही हात पुढे धरून उभ्या राहा, कारण त्या खरंच पडू शकतात. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर डोलायला लागल्या, तर ते डॉक्टरांना सांगा. दुसरं, त्यांना डोळे मिटून पडायला सांगा, पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी हलकेच धरा, किंचित वर-खाली करा आणि विचारा, आता वर की खाली? निरोगी माणूस बारीकशी हालचालही ओळखतो. डॉक्टर याशिवाय १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवून पाहतील आणि गुडघ्यावर हातोडी मारतील. मधुमेहात पायाचे झटके मंदावतात. मज्जारज्जू बिघडलेला असेल तर गुडघ्याचा झटका उलट जोरात येऊ शकतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती झाली नसेल तर आग्रहाने करून घ्या. एमआरआय लागला तर नंतर काढता येईल, त्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवू नका.

बोटांच्या सांध्यांवरची कातडीही बघा. आपल्याकडे बी-१२ कमी असलेल्या कित्येक जणांच्या बोटांचे सांधे काळपट पडलेले असतात, आणि घरच्यांना ते धुण्याभांड्याचे डाग वाटतात. जीभ लाल, गुळगुळीत आणि तिखट लागलं की झोंबणारी असेल, तर तीही एक खूण.

हिमोग्लोबिन ११.२ म्हणजे फार कमी नाही, मग नसांवर परिणाम कसा, असा विचार तुमच्या मनात आला असेल. डॉक्टरांच्याही मनात येतो, आणि त्यातून बरेच रुग्ण निसटतात. १९८८ साली अमेरिकेत लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२च्या कमतरतेमुळे मेंदूचा किंवा नसांचा त्रास झालेले १४१ रुग्ण तपासले. त्यातल्या ४० जणांना ना पंडुरोग होता, ना त्यांच्या रक्तपेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे दर सात जणांमागे दोघांचं रक्त साफ निर्दोष दिसत होतं. आपल्याकडच्या बायकांत आणखी एक गुंता असतो. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान होतात. दोन्ही कमी असलं की सरासरी मधोमध येते आणि रिपोर्टवर सगळं ठीक दिसतं.

त्याहून धोक्याची गोष्ट फॉलिक अ‍ॅसिडची. बी-१२ची शरीरात मुख्य कामं दोन. एका कामात त्याला फॉलेटची (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जोड असते, आणि ते काम अडलं की फॉलेट एका अवस्थेत अडकून पडतं, पेशी तयार करायला मिळत नाही. अशा माणसाला बाहेरून भरपूर फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त तयार व्हायला लागतं, हिमोग्लोबिन वाढतं, तोंडावर तजेला येतो. नसांना हवं ते मात्र फॉलिक अ‍ॅसिड देऊ शकत नाही. तो बिघाड आत चालूच राहतो, आणि सावध करणारं रक्तातलं लक्षण तेवढं पुसलं जातं. म्हणून मुंग्या असलेल्या माणसाला बी-१२ न देता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड कधीही देऊ नये.

आता १६८. पिकोग्रॅमच्या मोजणीत २०० च्या खाली आम्ही सरळ कमतरता धरतो, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. आईंचं १६८ हे रोज बी-कॉम्प्लेक्स चालू असताना आलं असेल तर खरी स्थिती याहून कमी असण्याचीच शक्यता. संशयाच्या पट्ट्यात मेथिलमॅलोनिक अ‍ॅसिड किंवा होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी द्रव्यं, तपासतात. पेशींना बी-१२ खरोखर पोचतंय का ते त्यातून कळतं. तुमच्या बाबतीत लक्षणं स्पष्ट आहेत, तो खर्च आता करू नका. आणि इंजेक्शन घेतल्यावर पुन्हा पुन्हा बी-१२ची पातळी तपासण्यातही अर्थ नाही. ती वर जाणारच. सुधारणा पायात मोजायची असते.

एवढी कमतरता आली कुठून? तीन दिशांनी.

पहिली आवक. बी-१२ ना वनस्पती बनवतात ना प्राणी, ते फक्त जिवाणू बनवतात. प्राण्यांच्या अंगात ते साठतं, म्हणून मासे, अंडी, मटण, दूध यांतून आपल्याला मिळतं. बांगडा आणि तिसऱ्या यांत भरपूर असतं. माळकरी घरात उरतं फक्त दूधदुभतं. शंभर मिलिलिटर दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचं दही. आपल्या घरातली बाई सगळ्यांना वाढून स्वतःला किती दूध घेते? चहात पडेल तेवढं. पालेभाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्यं सगळी उत्तम, पण त्यांत बी-१२ नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या कामाला न येणारं द्रव्य असतं. त्यावर पैसे घालू नका.

हा प्रश्न काही तुमच्याच घरचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं, ८१ टक्के. खाऊन-पिऊन सुखी घरांतली ही गोष्ट आहे.

दुसरी दिशा पँटोप्राझोलची. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. आम्ल वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर दुधातलं आहे तेही पूर्ण सुटत नाही. ही गोळी कायम घेण्याची खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मी पाहतो त्यातल्या पुष्कळ लोकांना ती कधीतरी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते, आणि पुढे ती कुणी बंदच करत नाही.

तिसरी दिशा मेटफॉर्मिनची. जठरातून सुटलेलं बी-१२ पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला रक्तात शिरतं, आणि मेटफॉर्मिन तिथे अडथळा आणतं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी पातळी खाली. पण तेवढ्यासाठी मेटफॉर्मिन बंद करू नका. ते चांगलं औषध आहे. फक्त ते घेणाऱ्याचं बी-१२ वेळोवेळी तपासायचं, आणि शाकाहारी असेल तर मी म्हणतो, दरवर्षी. अकरा वर्षांत आईंचं एकदाही तपासलं गेलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं.

यकृतात दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठवलेलं असतं, आणि त्या पुंजीवर माणूस अनेक वर्षं काढतो. म्हणून माळ घातल्यावर दुसऱ्या वर्षी काही होत नाही. कोठार हळूहळू रिकामं होतं. हाच हिशेब उलट बाजूने लावा, म्हणजे बी-कॉम्प्लेक्स का पुरत नाही ते दिसेल. त्या गोळीत बी-१२ पाच ते पंधरा मायक्रोग्रॅमच्या घरात असतं. ते सुटं असल्यामुळे आम्लाची गरज नसते, ही जमेची बाजू. पण आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या वाटेने आत घेऊ शकतं. म्हणजे जेमतेम रोजचा खर्च भागला. रिकामं कोठार भरायला आणि नसा दुरुस्त करायला काही उरलंच नाही.

इंजेक्शनाने आतड्याची वाटच टाळली जाते. पण हजार मायक्रोग्रॅम टोचलं तरी त्यातला मोठा भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणून चार इंजेक्शनांत बरं वाटतं, कोठार भरत नाही. नसांवर परिणाम झालेला असेल तेव्हा मी हजार मायक्रोग्रॅम दिवसाआड असं दोन-तीन आठवडे देतो, मग आठवड्याला एक असं दोन महिने, आणि पुढे महिन्याला एक. तोल सुधारत असेल तर दिवसाआडचा टप्पा मी आणखी लांबवतो. आई रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर स्नायूत टोचण्याआधी सांगा. बी-१२ची दोन रूपं मिळतात; मिथाइलकोबालामिन चांगलं की सायनोकोबालामिन, यावर लोक फार अडतात. माझ्या अनुभवात वेळेवर आणि पुरेसं दिलं तर दोन्ही काम करतात. जे मिळेल ते घ्या, थांबू नका.

वर्षभराने, प्रकृती स्थिर झाल्यावर, गोळीवर जाता येतं, पण ती हजार ते दोन हजार मायक्रोग्रॅमची हवी. एवढ्या मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का नेहमीची वाट सोडून आतड्यातून आपोआप झिरपतो. हजाराचा एक टक्का दहा, आणि गरज अडीच. हिशेब बसतो. ही गोळी मग जन्मभर, कारण माळ राहणार, मेटफॉर्मिन राहणार. "बरं वाटलं म्हणून थांबवलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली पहिल्याच दिवशी मुलांना किंवा सुनेला समोर बसवून सांगतो: साखरेची गोळी जशी बंद करत नाही, तशी हीही नाही.

कलेजीबद्दल आईंना जे सांगितलं गेलं त्यात जुन्या काळातलं एक सत्य आहे, म्हणून त्यांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. १९२६ साली बॉस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज कलेजी खाऊ घालून वाचवलं. त्यांना आणि याच विषयावर काम करणाऱ्या व्हिपल यांना १९३४ चं नोबेल मिळालं. मग कलेजीचा अर्क काढून त्याची इंजेक्शनं आली, आणि ती आपल्या दवाखान्यांत पुष्कळ वर्षं टोचली जात होती. जुन्या लोकांच्या लक्षात आहे ते हेच. १९४८ साली कलेजीतलं नेमकं द्रव्य लाल स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं गेलं, ते बी-१२. आज ते मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून तयार करतात, दह्याला विरजण लावतो त्याच जातीची ही प्रक्रिया. त्यात मांस नाही. एकच जपा: मऊ, पारदर्शक कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांपासून येतं. आईंना इंजेक्शन किंवा साधी दाबलेली गोळी द्या, कॅप्सूल नको. औषध टाळण्याआधी त्यांनी मनातलं बोलून दाखवलं, हे फार बरं झालं.

बाकीच्या बी जीवनसत्त्वांबद्दल थोडक्यात, कारण "बी-कॉम्प्लेक्स" या एका नावाखाली वेगवेगळ्या स्वभावाची आठ द्रव्यं आहेत.

बी-१ म्हणजे थायमिन. मेंदूला साखरेपासून ऊर्जा काढायला ते लागतं आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. फार दारू पिणाऱ्यांत, किंवा आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील तर ते संपतं. डोळे तिरपे होतात, चालणं अडखळतं, माणूस गोंधळतो. इथे तास मोजायचे असतात. तांदूळ सडून पांढरा केला की हे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर जातं. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पितात, त्या तांदळात ते टिकतं, कारण भात सालीसकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं. बी-३ची कमतरता आता क्वचित दिसते. एके काळी दख्खनमधल्या फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत ती होती. उन्हात येणारी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे आणि शेवटी बुद्धी भ्रमायची. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्यूसिन या प्रथिनाच्या घटकाशी त्याचा संबंध मांडला. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ आणि थोडं दूध असलं की घाबरण्याचं कारण नाही.

बी-६ला मात्र मी जपून वापरतो. क्षयावरच्या आयसोनियाझिडने ते कमी होतं, म्हणून त्या औषधासोबत ते देतात, आणि ते द्यायलाच हवं. पण हे एक असं जीवनसत्त्व आहे जे जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं. १९८३ साली रोज दोन ते सहा ग्रॅम घेणारे रुग्ण नोंदले गेले. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती, चालणं डळमळीत झालं होतं. नंतर त्याहून पुष्कळ कमी मात्रेवरही त्रास झालेला दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या एकदा समोर मांडा. नसांची गोळी, केसांची गोळी, ताकदीची गोळी, प्रत्येकीत थोडं थोडं पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, असतं. बेरीज करा.

त्याच वेळी पाहा, कुठल्या गोळीत मिथाइलकोबालामिनबरोबर प्रीगाबालिन आहे का. ते जळजळ कमी करतं, पण गुंगी आणि झोक वाढवतं. आधीच तोल जाणाऱ्या बाईला ते जपूनच द्यावं लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद मात्र करू नका.

स्मरणशक्तीचं खरं खरं सांगतो. बी-१२च्या कमतरतेने विसराळूपणा, उदासी, चिडचिड, कधी भास आणि संशयही येतो, आणि तो भाग उपचाराने सुधारतो. आईंचं विसरणं त्यातलं असेल तर तीन ते सहा महिन्यांत फरक कळेल. पण कमतरता नसलेल्या माणसाची बुद्धी जास्त बी देऊन वाढत नाही. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली सत्तरीपुढच्या, थोडं विसरायला लागलेल्या १६८ जणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि बी-६ घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६ टक्के आकसला, न घेणाऱ्यांचा १.०८ टक्के, आणि फायदा मुख्यतः होमोसिस्टीन वाढलेल्यांना झाला. याउलट अमेरिकेत अल्झायमर झालेल्या ४०९ जणांना २००८ च्या प्रयोगात दीड वर्ष मोठ्या मात्रेत हीच जीवनसत्त्वं दिली, आणि ऱ्हास थांबला नाही. म्हणून माझा शिरस्ता असा: विसरायला लागलेल्या प्रत्येकाचं बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं, कमी असेल ते भरायचं, आणि भरूनही विसरणं वाढत असेल तर दुसरं कारण शोधायचं. सहा महिन्यांत फरक पडला नाही तर आईंना पुन्हा दाखवा.

वहिनींना शासकीय लोह-फॉलिकच्या गोळ्या मिळत असतील. त्यांत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं. फॉलेटच्या शोधाची कहाणी आपल्या मुंबईतली आहे. ल्यूसी विल्स १९२८ साली इथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग त्या अभ्यासत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. त्या गोळ्या वहिनींनी जरूर घ्याव्यात. पण शाकाहारी गरोदर बाईला फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी, अशी जोडी बरी नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून चाललाय, त्यात बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त असलेल्या मातांची मुलं सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. त्यामुळे वहिनींचं बी-१२ आत्ताच तपासा, आणि कमी असेल तर बाळंतपणाची वाट न पाहता भरा. उलट्या फार होत असतील आणि सलाइनमधून ग्लुकोज लावायची वेळ आली, तर थायमिन आधी द्या, असं तिथल्या डॉक्टरांना आठवणीने सांगा.

बाळाची काळजी जन्मानंतरही आहे. आईच्या अंगात बी-१२ नाही तर दुधात नाही. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशी बाळं नोंदली होती: अंगावर पिणारी, गुटगुटीत दिसणारी, पण हसणं थांबलेली, मान धरेनाशी झालेली, कातडी काळवंडलेली, काहींचे हात थरथरणारे. मीही अशी पाहिली आहेत. नऊ महिन्यांची एक मुलगी आईकडे बघतसुद्धा नव्हती. इंजेक्शन सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिने आईचा पदर धरला. तिची आजी दवाखान्याच्या दारात उभी राहून रडली. पुढे ती चालली, बोलली, पण दोन वर्षं आम्ही तिच्या वाढीकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

आईंकडे परत येतो. इंजेक्शनं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या वाढल्यासारख्या वाटू शकतात. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, घाबरून थांबू नका. थकवा आणि जीभ आधी सुधारेल, मुंग्या नंतर, तोल सगळ्यांत शेवटी. मुख्य सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, थोडी वर्षभर चालू राहते. मध्ये कुठल्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली तर भूलतज्ज्ञांना बी-१२ कमी होतं हे सांगा. नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू शरीरातलं उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो, आणि काठावरचा रुग्ण ऑपरेशननंतर काही आठवड्यांत चालेनासा झालेला मी पाहिलाय.

आणि आज रात्रीपासून न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा चालूच ठेवा. मोरीत हाताला धरायला काहीतरी बसवून घ्या, तोंड धुताना त्यांनी एक हात भिंतीला टेकवावा. पट्ट्याची, मागून बांधलेली चप्पल द्या, आणि रोज झोपताना तुम्ही स्वतः त्यांचे तळवे बघा. काच लागली तरी त्यांना कळणार नाही.